चपला बाहेर काढाव्यात

“मी लिहून दिलेल्या चपला कुठायत?”

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आई स्टुलावर बसली होती. उजवा पाय समोरच्या ठोकळ्यावर, अंगठ्याखालची जखम उघडी, भोवती शिकाऊ डॉक्टरांचं कोंडाळं. आईनं काखेतली पिशवी पुढं घेतली. तिच्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुडा काढला, दोरा सोडला. आतून चपला निघाल्या. काळ्या, मऊ रबराच्या, पट्टेवाल्या. तळाला धुळीचा कण नव्हता. आईनं त्या दोन्ही हातांवर ठेवून डॉक्टरांपुढं धरल्या.

“ह्या की. आणल्यात.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पोरांकडं बघत म्हणाले, “बघा. चपला पिशवीत, पाय जमिनीवर.” मग आईकडं वळून, “अहो बाई, तुमच्यात तर चपलाच करतात ना? मग त्या पायात घालायच्या असतात, हे मी शिकवायचं तुम्हाला?”

तुमच्यात.

हा शब्द ज्यांच्यासाठी वापरतात त्यांनाच तो नीट ऐकू येतो. बाकीच्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. आम्ही चर्मकार. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं होतं, काम काय करता? आईनं मान वर करून सांगितलं होतं, “आमी चपला करतो. आख्खा देश घालतो आमच्या चपला.” तेवढं मात्र त्यांच्या बरोबर लक्षात राहिलं होतं.

आईसुद्धा हसली. मोठ्या माणसांनी थट्टा केली की हसायचं असतं तशी, तोंडाला पदर लावून. मला ते हसणं सगळ्यात जास्त लागलं. मी तोंड उघडणार तोच तिनं माझं मनगट आवळलं.

“गप ऱ्हा,” ती दातातल्या दातात म्हणाली. “पाय त्येच्या हातात हाय.”

मी गप्प राहिले. लोक मला नंतर म्हणाले, तेव्हाच पोलिसात का गेली नाहीस? आपल्या आईचा पाय ज्याच्या पुढ्यात उघडा पडलाय, त्याच्यावर कोण केस करतं? करून बघा.

त्या खोलीत एवढी शिकलेली माणसं होती. एकानंही विचारलं नाही की बाई, चपला पिशवीत का? उत्तर लांब नव्हतं. दाराच्या बाहेर चौकटीवरच टांगलेलं होतं. निळी पाटी, पांढरी अक्षरं. ‘चपला बाहेर काढाव्यात.’

दवाखान्याचं नाव मी सांगणार नाही. नाव घेतलं की तो एक दवाखाना वाईट ठरतो आणि बाकीचे हात झटकून मोकळे होतात. कोल्हापुरातला मोठा धर्मादाय दवाखाना, एवढं पुरे. गोरगरिबांसाठी काढलाय असं दर्शनी भिंतीवर संगमरवरात लिहिलंय. कागलपासून शाहूवाडीपर्यंतची माणसं तिथं येतात.

आमच्या घरात पुढच्या खोलीत काम चालतं आणि मागच्या खोलीत आम्ही राहतो. आबा, म्हणजे माझे वडील, चामडं कापतात आणि तळ शिवतात. आई वेण्या घालायची. चपलेच्या पट्ट्यावर ती बारीक वेणी असते ना, जिच्यावर गिऱ्हाईक भाळतं, ती बायकांच्या हातची असते. हातची म्हणायची पद्धत आहे. खरं तर पायाचीही. चामड्याच्या भिजवलेल्या वादीचं, म्हणजे बारीक पट्टीचं, टोक पायाच्या अंगठ्यात घट्ट धरायचं, वादी ताणायची आणि दोन्ही हातांनी विणत जायचं. अंगठा ढिला पडला की वेणी ढिली पडते. आईचा उजवा अंगठा बाहेरच्या बाजूला वळला होता. अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात वादीनं आपली जागा करून घेतली होती. साखरेच्या आजारानं पाय बधिर झाले, चिमटा काढला तरी कळेना, पण तो अंगठा वादी सोडत नव्हता.

त्याच अंगठ्याखाली जखम झाली. डॉक्टर म्हणाले, आता अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, नाहीतर अंगठा जाईल. त्यांनी मऊ रबराच्या चपला लिहून दिल्या. आबांनी जन्मात कधी रबर घरात येऊ दिलं नव्हतं. ते स्वतः जाऊन घेऊन आले. आई घरात दिवसभर त्या घालायची. मोरीतसुद्धा. दवाखान्यात जायचं म्हणून आदल्या दिवशी तिनं त्या धुतल्या, पुसल्या, कागदात बांधल्या.

कारण त्याच्या आधीच्या खेपेला दारात मामा आडवा आला होता. दवाखान्यातल्या शिपायांना सगळे मामाच म्हणतात.

“ओ मावशी, पाटी दिसत न्हाय काय? चपला भाईर!”

आईनं काढल्या. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. परत येऊन बघतो तर आईच्या चपलांवर एकावर एक पाच-सहा जोड चढलेले, आणि शेजारी एक बाई रडत उभी. तिच्या चपला कुणीतरी घालून गेलं होतं. आई घाबरली. घरी येताना म्हणाली, “माझ्या गेल्या असत्या तर डॉक्टर काय म्हणला असता गं?” चप्पल जाण्यापेक्षा तिला डॉक्टरांच्या बोलण्याची धास्ती होती. म्हणून पुढच्या खेपेला पिशवी. पाटीचंही ऐकलं, डॉक्टरांचंही ऐकलं. तिच्या मतानं तिनं सगळं बरोबर केलं होतं.

मामा तसा वाईट माणूस नव्हता. फरशीवर चिखलाचा ठसा दिसला की शिव्या त्याला पडायच्या. पण त्याच दारातून बुटातली माणसं खाडखाड आत जायची. मी एकदा विचारलंही, “मामा, त्यास्नी न्हाय सांगत?”

तो माझ्याकडं बघतच राहिला. “त्यास्नी कसं सांगायचं, ताई?”

खरं म्हणजे आईला कुणी न सांगतासुद्धा तिनं काढल्या असत्या. तिचं माहेर कागलजवळच्या एका खेड्यात. लहान असताना बापाबरोबर ती घरोघर चपला पोचवायला जायची. बड्यांच्या आळीच्या तोंडाशी आली की बाप पायातल्या काढून हातात घ्यायचा, मग तीही काढायची. आता असं कुणी सांगत नाही. सगळे म्हणतात, जग बदललं. पण कुठलंही मोठं दार दिसलं की आईचा पाय उंबऱ्याशी अडायचा आणि टाच आपोआप चपलेबाहेर यायची. बँकेत. शाळेत. माझ्या नोकरीच्या ठिकाणी, मेडिकल दुकानाच्या पायरीवरसुद्धा. मी किती वेळा चिडले तिच्यावर. ती म्हणायची, “व्हय गं, पण सवयच हाय पायाला.”

तर त्या दिवशी ते हसणं संपल्यावर डॉक्टरांनी हाडाचा एक्स-रे काढायला सांगितला. एक्स-रे नव्या इमारतीत. दोन इमारतींच्या मध्ये उघडं अंगण, शहाबादी फरशीचं. चैत्राचं ऊन होतं, टळटळीत. मला कागदावर शिक्का आणायला खिडकीकडं पिटाळलं. आईला मामानं पुढं घातलं. “चला मावशी, लवकर. लाईन लागली हाय.” ती पिशवी काखेत मारून त्याच्या मागं गेली. एक्स-रेच्या दाराशी तशीच पाटी, आणि रांग बाहेर अंगणात. मी शिक्का घेऊन पोचले तोवर ती आत गेली होती.

संध्याकाळी घरी तिनं ते गमतीनं सांगितलं. “लोकं नाचत हुती गं रांगेत. ह्या पायावरनं त्या पायावर. मला वाटलं, काय झालंय ह्यास्नी? आणि मी आपली निवांत हुबी.”

आबांचे हात थांबले. त्यांनी आईकडं बघितलं, मग तिच्या पायांकडं.

ती वेणी घालायला बसलेली होती. वादी अंगठ्यातून सारखी निसटत होती. “लई भिजली वाटतं,” म्हणत तिनं वादी पुसली, अंगठा पुसला, पुन्हा धरली. पुन्हा निसटली. मग मी खाली बघितलं. फरशीवर पाणी होतं. वादीचं नव्हतं. तळपायाची कातडी पुरीसारखी फुगली होती, आणि अंगठ्याखाली फुटून लोंबत होती. दुसराही पाय तसाच. दुपारपासून ती त्याच पायांनी चालली होती, चूल पेटवली होती, पाणी भरलं होतं.

आबांनी तिचा पाय उचलून मांडीवर घेतला. आयुष्यभर लोकांच्या पायाची मापं घेणारा माणूस. तो पाय हातात धरून ते नुसते बसून राहिले. आई म्हणत होती, “अवो सोडा की, दुखत न्हाय मला.” दुखत नव्हतं, हेच तर दुखणं होतं.

डावा पाय हळूहळू भरत आला. उजव्या अंगठ्यानं मात्र रंग बदलला. पुन्हा तेच स्टूल, तोच ठोकळा, तेच कोंडाळं. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि भडकले.

“हे भाजलंय! कुठं फिरत होता अनवाणी?”

“हितंच,” आई म्हणाली. “फोटूच्या रांगंत.”

“म्हणजे आमच्यामुळं झालं?”

 आईला वाटलं, आपण काहीतरी भलतंच बोलून गेलो. डॉक्टर पोरांकडं वळले आणि इंग्रजीत सुरू झाले. पेशंट नॉन-कम्प्लायंट आहे. असे पेशंट तुम्हाला आयुष्यभर भेटणार. तुम्ही सांगत राहायचं, ते ऐकणार नाहीत. पोरांनी माना हलवल्या. एकानं ते लिहूनही घेतलं.

मी मेडिकल दुकानात काउंटरवर काम करते. तो शब्द मला कळतो. नॉन-कम्प्लायंट म्हणजे सांगितलेलं न ऐकणारा. माझी आई! बापानं सांगितलं, काढ, तिनं काढल्या. पाटीनं सांगितलं, काढल्या. मामानं सांगितलं, चल, ती चालली. रांगेत उभी राहा म्हणाले, तव्यासारख्या फरशीवर उभी राहिली. सगळ्यांचं ऐकत ऐकत तिनं पाय जाळून घेतला, आणि हा माणूस म्हणतोय, ही ऐकत नाही. मी बोलायला पुढं झाले. आईचा हात पुन्हा माझ्या मनगटावर होताच.

अंगठा काढला.

शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं, “कुठला गेला?” मी सांगितलं, उजवा. ती छताकडं बघत होती. मग म्हणाली, “मग आता वादी कशात धरू?”  मी बाहेर जाऊन जिन्यात बसून रडले. रागानं रडले, खोटं कशाला बोलू.

वॉर्डात आईच्या शेजारच्या खाटेवर शाहूवाडीकडची एक बाई होती. डोंगरातली, भातशेतीची. तिच्याही पायाला जखम, वर्षभर न भरलेली. बोलायला मोठी खमकी. ती म्हणाली, “मला डॉक्टर म्हणतो, पाय कोरडा ठेव, चिखलात उतरू नगंस. आता मी न्हाय उतरलो तर भाताची लावण कोण करणार? त्यो येणार हाय काय कोट घालून?” सगळा वॉर्ड हसला, आईसुद्धा. मग ती बाई हळू आवाजात म्हणाली की, ड्रेसिंगला एक दिवसाआड बोलवलेलं, पण पावसात तिच्या वाडीवर एसटी येत नाही. चालत खाली उतरायचं म्हणजे ओढ्यातनं. म्हणजे पाय पुन्हा ओला.

मी विचारलं, “हे तुम्ही डॉक्टरास्नी सांगितलं काय?”

“त्येनं इचारलं कुठं? आल्या आल्या खवळला. खवळलेल्या माणसाला काय सांगायचं?”

मग मला चटकच लागली. आईला भेटायला आलं की खाटाखाटांशी जाऊन विचारायचं. घरी कोण असतं? येता कसं? दिवसभर पाय कुठं असतात? एका म्हातारीला साखरेची सुई टोचून लगेच जेवायला सांगितलेलं, आणि तिचं जेवण सुनेला वेळ मिळेल तेव्हा. ती चक्कर येऊन पडायची. तिच्यावरही शिक्का तोच, ऐकत नाही. कुणालाच कुणी काही विचारलं नव्हतं. औषध बरोबर होतं. पट्टी बरोबर होती. माणूस कुठल्या जमिनीवर उभा आहे, तेवढं बघायचं राहिलं होतं. ते बघणं हे त्यांना आपलं काम वाटतच नव्हतं.

तोवर माझा राग त्या हसण्यावर होता. त्या एका ‘तुमच्यात’वर होता. वॉर्डात तो राग मोठा झाला आणि थंडही झाला. थंड राग कामाला येतो.

आई घरी आली. टाके सुकले. पट्टी बदलायला पुन्हा जायचं होतं. निघताना तिनं सवयीनं कागद आणि पिशवी शोधली. मी पिशवी लपवून ठेवली होती. मी खाली बसले, त्या रबरी चपला तिच्या पायात चढवल्या, पट्टे आवळले. उजवीत पुढं मोकळी जागा राहिली. आबांनी तिथं लोकरीचा तुकडा बसवून दिला.

दारात मामा.

“मावशी, चपला.”

आईचा हात खाली पट्ट्याकडं गेला. मी तो धरला.

“न्हाय निघणार,” मी म्हणाले.

“ताई, नियम हाय.”

“कुणासाठी हाय?”

माझ्या मागं माणसं थांबली. कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात एक साहेब आले, पॉलिश केलेले बूट, मामा सवयीनं बाजूला सरला. मी मध्ये उभी राहिले. 

“साहेब, पाटी वाचा.”

त्यांनी पाटीकडं बघितलं. आपल्या बुटांकडं बघितलं. मग मला वळसा घालून आत गेले, बुटांसकट. मामानं मान खाली घातली.

“काढतो गं मी,” आई माझा हात ओढत म्हणाली. “कशाला तमाशा करतीस? लोकं बघायला लागलीत.”

मी त्या दारात, सगळ्यांसमोर, गुडघ्यावर बसले आणि तिच्या दोन्ही टाचा हातांनी दाबून धरल्या. टाच वर यायला बघत होती. मला हाताला जाणवत होतं. तिच्या मनात नसतानासुद्धा ती टाच वर येत होती.

“आई, एक बोट गेलंय. अजून किती देणार हाईस ह्यास्नी?”

ती रडायला लागली. आवाज न करता. मला वाटलं, आता ती मागं फिरणार. मामाला वाटलं, ती काढणार. तो वाकून चपला घ्यायलाही पुढं झाला. तिनं डोळे पुसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उजवा पाय उचलून उंबऱ्याच्या आत ठेवला. चपलेसकट. मग डावा.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या एका म्हाताऱ्यानं काढलेल्या चपला परत पायात घातल्या, एवढं मी बघितलं.

आत तीच खोली. डॉक्टरांची नजर आधी फरशीवर गेली, मग आईच्या पायांवर.

“चपला बाहेर नाही काढल्या?”

बोलून गेले. अगदी सहज बोलून गेले.  मघाशी दारात मला भीती वाटत होती, ती त्या क्षणी कुठं गेली कुणास ठाऊक.

“डॉक्टर, आता तुमीच काय ते एक ठरवा,” मी म्हणाले. “पायात घालायच्या, का पिशवीत?”

ह्या खेपेला कुणी हसलं नाही.

“आवाज खाली ठेवा.”

“खालीच हुता की इतके दिवस. म्हणून अंगठा गेला.”

“हे पाहा, तुमच्या आईनं काळजी घेतली नाही, त्याला आम्ही…”

“तिचा पाय तुमच्या अंगणात भाजला. तुमच्या पाटीनं चपला काढायला लावल्या, तुमच्या माणसानं उन्हात हुबं केलं. तिनं सगळं ऐकलं. तुमी तिला न ऐकणारी म्हणालात, ह्या पोरांसमोर. ते आधी मागं घ्या. पोरांसमोरच घ्या. आणि त्यास्नी सांगा, पेशंटला पहिलं इचारायचं. कुठं ऱ्हातासा, कसं येतासा, काय काम करतासा. मग खवळायचं.”

“तुम्ही बाहेर थांबा.”

“न्हाय.”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी आईच्या मागं, स्टुलाला धरून उभी होते.  खाली वाकून त्यांनी चपलेचा पट्टा सोडला आणि पट्टी उलगडायला सुरुवात केली. त्यांनी शब्द मागं घेतला नाही. माफीही मागितली नाही. त्या दिवशी आईनं माझं मनगट आवळलं नाही. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

ह्याच्यापुढं सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. मला दवाखान्याच्या ऑफिसात बोलावून समज दिली, रुग्णसेवेत अडथळा आणू नका. समाजसेवा करायची तर गेटबाहेर करा. माझ्या दुकानमालकाच्या कानावरही गोष्ट गेली. तो म्हणाला, “बघ बाई, त्या दवाखान्याच्या चिठ्ठ्यांवर आपलं दुकान चालतं.” मी म्हणाले, माझ्या सुट्टीच्या दिवशी मी काय करते ते माझं मी बघते. कामावरून अजून काढलेलं नाही. काढलं तर काढलं.

पाटी अजून तिथंच आहे. अंगणावर छप्पर घाला, सावलीत बाक टाका, पायाच्या पेशंटच्या चपला काढू नका, आणि पेशंटला दोन गोष्टी विचारायला एक माणूस बसवा, असं मी त्या ऑफिसात सांगून आले. हो म्हणाले. काही केलं नाही.

म्हणून पायाच्या ओपीडीच्या दिवशी मी जाते. मालकाकडून तीच सुट्टी मागून घेतलीय. पाटीखाली उभी राहते. कुणी चपलेला हात घातला की म्हणते, राहू द्या. कुठनं आलात, एसटी कधीची हाय, घरी कोण हाय, विचारते. जे डॉक्टरांना सांगायला घाबरतात त्यांच्याबरोबर आत जाते. कधी मला बाहेर काढतात. मी पुन्हा जाते. काही डॉक्टर ऐकून घेतात, काही कपाळाला आठ्या घालतात. शाहूवाडीच्या त्या बाईला आता त्यांच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात पट्टी बदलून मिळते, पण त्यासाठी तिच्या डॉक्टरांच्या मागं मला हात धुऊन लागावं लागलं. असं भांडून एकेकाला मिळतं. बाकीचे अजून अनवाणीच आत जातात. हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

आईचं काम बंद झालं. डाव्या अंगठ्यात वादी धरून बघते, जमत नाही. एक दिवस ती आबांना म्हणाली, “हिला एक जोड करा. वाजणारा.”

 वाजणाऱ्या चपला म्हणजे चालताना करकरतात त्या. तळ तसा बसवावा लागतो. आईच्या माहेरी त्या बड्या माणसांसाठी व्हायच्या. माणूस येतोय हे आधी लांबून कळायला पाहिजे म्हणून. आईच्या बापानं जन्मभर तशा चपला केल्या. घालून गावातून एकदाही चालला नाही. चालला असता तर पाय जाग्यावर राहिले नसते.

आबांनी जोड केला. वेणी आईनं घातली, डाव्या अंगठ्यात वादी धरून, पुन्हा पुन्हा उसवून. एका जागी ती ढिली आहे. आबा म्हणाले, ती जागा परत करून देतो. मी करू दिली नाही.

आता त्या व्हरांड्यातून मी चालते तेव्हा चपला करकर वाजतात. बाकावरची माणसं वळून बघतात. मामा पाटीकडं बघतो, माझ्या पायांकडं बघतो. परवा एक नवा शिपाई आडवा आला. त्याला माहीत नव्हतं.

“ओ, चपला काढा.”

“काढतो की,” मी म्हणाले. “घरी गेल्यावर. माझ्या दारात, माझ्या हातानं.”

आणि आत गेले.